कोणी ओरडलं का?

मी त्याचा प्लग काढला. आमची ओळख झाली ती अशी.

नाही, हसू नका गं, खरंच! मला काय माहीत तो आत आहे ते? मार्चमधली सकाळ, बाहेर गोठणारा पाऊस खिडकीवर टिकटिक वाजतोय, अख्खं बंदर बर्फाने मिटलेलं, आणि घड्याळात दहा. दहा वाजता आमच्या ऑफिसात चहा होतो. मच्छीमार संस्था निघाली तेव्हापासून होतो, आणि त्यात बदल करायची कोणाची हिंमत नाही.

आता आमच्या ऑफिसातल्या वायरी तुम्हाला माहीतच आहेत. किटली कुठेही लावा, फ्यूज उडतो. फक्त मागच्या खोलीत उडत नाही. तीच ती, आमिषाच्या हेरिंग मासळीचा फ्रीझर आहे ना, त्याला चिकटून असलेली. थंड असते म्हणून आमचा सर्व्हरही तिथेच. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. सगळ्या संस्थेची मेल, सगळ्यांची नावं, पासवर्ड, सगळं त्याच्या पोटात, आणि मी शाळेत होते तेव्हापासून तो तिथे गुणगुणत बसलेला. पण त्या खोलीत भिंतीला प्लग एकच. म्हणून रोज दहाला म्हाताऱ्याचा प्लग काढायचा, किटलीचा लावायचा, पाणी उकळलं की परत म्हाताऱ्याचा. तेवढ्यापुरता तो त्याच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी किंचाळते फक्त – कींऽऽ कींऽऽ कींऽऽ – आणि ती किंचाळी ऐकली की बाहेर सगळे आपापले कप घेऊन उठतात.

तर मी प्लग काढला. बॅटरी किंचाळली. आणि टेबलाखालून कोणीतरी बॅटरीहून मोठ्याने किंचाळलं.

"अहो! अहो, काय करताय?"

धाडकन आवाज झाला. डोकं आपटलं होतं त्याचं. मग टेबलाच्या कडेवरून एक लोकरी टोपी वर आली, तिच्याखाली दोन घाबरलेले तपकिरी डोळे, आणि दातात धरलेला छोटा टॉर्च.

"चहा," मी म्हणाले.

त्याने टॉर्च तोंडातून काढला. "तुम्ही... सर्व्हरचा प्लग काढून... चहा करता?"

"रोज नाही. शनिवार-रविवार सुट्टी असते."

"हे ओरडतंय ते ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं की! ते ओरडलं नाही तर लोकांना कळणार कसं चहा होतोय ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग किटलीकडे. मग परत माझ्याकडे. आणि मग – हे नीट ऐका – त्याचे कान हलले. तो हसायला लागला की आधी कान हलतात त्याचे, ओठ मागाहून येतात. मी ते पहिल्यांदा बघितलं आणि हातातला चमचा हेरिंगच्या पेटीत पडला.

"दूध?" मी विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"थोडं," तो म्हणाला. "आणि प्लीज... तो प्लग."

त्याचं नाव लुसियन बूद्रो. हॅलिफॅक्स शहरातल्या कंपनीने पाठवलेला. म्हाताऱ्याच्या पोटातलं सगळं नवीन मशीनमध्ये हलवायचं, लॉब्स्टरचा हंगाम सुरू व्हायच्या आत. कारण ज्यांनी म्हाताऱ्याला बनवलं ते आता त्याची दुरुस्तीसुद्धा करत नव्हते, आणि ऐन हंगामात तो बसला असता तर होड्यांना भाव कळला नसता, ट्रक सुटले नसते, सगळं सगळं ठप्प. संचालकांनी ठराव केला होता. मला फक्त कळलं नव्हतं की ठरावाला असे कान असतील.

एफीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. एफी मॅकएकर्न, माझ्या शेजारच्या टेबलावर हिशेब बघते ती, संगणक आले त्याच्याही आधीपासूनची. हातात कायम विणकाम.

"पोरी," ती सुया न थांबवता म्हणाली, "चहाला आज फारच वेळ लागला."

"नवीन माणूस आहे आत."

"ते दिसलं. तू टोपी घालून गेली होतीस, आता केस विंचरलेले आहेत."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याच टेबलाशी येऊन बसला. कपड्यांना हेरिंगचा वास, हातमोज्यांची बोटं कापलेली.

"मदत हवी," तो म्हणाला. "माणसं हलवायच्या आधी माणसं कोण ते कळायला हवं. हे बघा. डॅन गिलिस, डॅन गिलिस, डॅन गिलिस. हॅलिफॅक्सचा प्रोग्रॅम म्हणतो, हा एकच माणूस तीनदा लिहिलाय, दोन काढून टाका."

"टाका की," मी म्हणाले. "मग त्या दोघांच्या बायकांना तुम्हीच जाऊन सांगा."

एफी विणता विणता फिसकन हसली.

"हा डॅन पोस्ट," मी स्क्रीनवर बोट ठेवलं, "याच्या आजीकडे टपालाचं काम होतं. हा डॅन रेड, लाल केस गेले, पण नाव राहिलं. आणि हा डॅन बटण."

"बटण?"

"लहानपणी गिळलं होतं."

"मग... निघालं?"

"त्यावर गावात दोन मतं आहेत."

कान हलले. मी पटकन खिडकीबाहेर बघितलं.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं. "मोरॅग गिलिस पण दोन दिसतायत."

"मी मोरॅग रोरी लाइट. आजोबा दीपगृह सांभाळायचे, म्हणून आम्ही सगळे लाइट. रोरी म्हणजे बाबा. दुसरी मोरॅग कारखान्यात असते, लॉब्स्टर उकडायला. तिच्याशी माझी गल्लत करू नका, ती मारते."

"मी लुसियन अ जो अ मार्सेल," तो म्हणाला. "जोचा, मार्सेलचा. शेटिकँपमध्ये नुसतं लुसियन म्हणून हाक मारली तर अर्धा धक्का मागे वळून बघतो."

म्हणजे तो इथलाच होता हो! वरच्या किनाऱ्याचा, फ्रेंच बाजूचा. मला तर वाटलं होतं शहरातला. उगीचच मला फार बरं वाटलं. उगीचच.

मग रोज तेच. तो एकेक नाव काढायचा, मी सांगायचे. हा पश्चिमेला गेला, अल्बर्टात, तेलाच्या खाणींवर. ही पण. हा नाताळला येतो. हा यायचा, आता येत नाही. ही लग्न करून बीटन आडनावाची झाली, पण तिला तसं कोणी म्हणत नाही. तो ऐकताना टाइप करायचं विसरायचा. मी म्हणायचे, "लिहा ना." तो म्हणायचा, "हो... लिहितो," आणि बघत राहायचा. माझ्या हातांकडे. माझे हात बोलताना फार हलतात, माहीत आहे मला, शाळेत बाई ओरडायच्या.

आणि मग एके दिवशी तो म्हणाला, "हे रोरी गिलिस. यांनी बरीच वर्षं पासवर्डच टाकलेला नाही."

एफीच्या सुया थांबल्या.

मी म्हणाले, "ते बाबा."

बाहेर बर्फाचे तुकडे धक्क्यावर घासत होते. मला माहीत होतं तो आता काय म्हणणार. गेलेल्या माणसांची खाती नवीन मशीनवर नेत नाहीत, त्याने आदल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि मला सांगायचं होतं की... काय सांगणार? कोणालाही मेल लिहायला मी 'रो' टाइप करते आणि आधी बाबांचं नाव वर येतं. कारखान्याच्या रोनाल्डला लिहायचं असतं तरी आधी बाबा. मग मी एक क्षण थांबते आणि मग रोनाल्ड निवडते. बस, एवढंच. एवढ्यासाठी कोणी मशीन थांबवतं का?

त्याने लॅपटॉप मिटला. "चहा करू का?" म्हणाला, आणि उठून किटली घेऊन आत गेला. आणि मग आतून... कींऽऽ कींऽऽ. त्याने! स्वतःच्या हाताने! दहा वाजलेसुद्धा नव्हते. बाहेर सगळे गोंधळून कप घेऊन उभे.

एफीने सुया परत चालू केल्या. "हं," ती म्हणाली. एवढंच. पण एफीचं 'हं' म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

खरं हलवाहलवीचं काम शनिवारी ठेवलं होतं, ऑफिस बंद असतं म्हणून. मला यायची काहीच गरज नव्हती. मी गेले. ओटकेक घेऊन गेले, ती ओटची खुसखुशीत बिस्किटं.

"तुम्हाला सुट्टी नाही?" तो म्हणाला.

"किल्ली माझ्याकडे असते."

"माझ्याकडेही दिलीये एक."

"मग ओटकेक परत नेते."

"बसा! बसा ना..." त्याने घाईघाईने हेरिंगच्या पेटीवर स्वतःचं जॅकेट पसरलं.

त्याच्या आईने डब्यात फ्रिको पाठवला होता, कोंबडी-बटाट्याचा रस्सा, वर ते पिठाचे मऊ मऊ गोळे. तो आम्ही एकाच चमच्याने खाल्ला, कारण दुसरा चमचा... हो, तोच, पहिल्या दिवशी पडला तो, अजून सापडला नव्हता. स्क्रीनवर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. एकेका माणसाचा मेलबॉक्स म्हाताऱ्यातून निघून नव्या मशीनमध्ये जात होता. डॅन पोस्ट गेला. डॅन रेड गेला. आम्ही प्रत्येकाला निरोप देत होतो. डॅन बटण अर्ध्यात अडकला, आम्ही इतके हसलो, इतके हसलो की माझं डोकं त्याच्या खांद्याला लागलं. मी ते उचललं. लगेच नाही उचललं.

आणि तेवढ्यात वीज गेली.

गोठणारा पाऊस, तारांवर बर्फ, दुसरं काय होणार. फटकन सगळं अंधुक. नव्या मशीनला नवी बॅटरी होती, तिला चिंता नव्हती. पण म्हातारा! त्याची बॅटरी किंचाळायला लागली. लुसियनचा चेहरा पांढरा.

"मध्येच बंद पडला तर..." तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं वय बघता परत उठेलच असं नाही. किती वेळ टिकते ही?"

"एक किटली," मी म्हणाले. "पूर्ण भरलेली. त्याहून जास्त कधी बघितलं नाही."

"हे काय माप आहे?"

"फ्रीझरचा जनरेटर मागे आहे! चला!"

धक्का म्हणजे नुसती काच झाली होती. मी पुढे, तो मागे, हातात लांब वायर, आणि दर दोन पावलांना एकजण घसरणार म्हणून दुसऱ्याने धरायचं. शेवटी धरलं ते सोडलंच नाही. त्याच्या कापलेल्या हातमोज्यातून बोटं बाहेर, बर्फासारखी गार, आणि माझी पण गार, तर मग... गरम कुठून वाटत होतं? जनरेटर तिसऱ्या ओढीला सुरू झाला. वायर खिडकीतून आत घेतली. म्हाताऱ्याच्या बॅटरीने एकदा कीं केलं... आणि गप्प. दिवा हिरवा.

आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो, भिजलेले, धापा टाकत.

"मोरॅग," तो म्हणाला, "तू... म्हणजे तुम्ही..."

"तू चालेल," मी म्हणाले.

त्याच्या पापणीवर बर्फाचा एक कण होता. मी तो बोटाने काढला. तो डोळे मिटून बसला. आणि डॅन बटण नव्या मशीनमध्ये पोचला, टिंग वाजलं, आणि दोघंही दचकलो.

सोमवारी त्याने मला नव्या मशीनवर बसवलं. "एक मेल लिहून बघ. कोणालाही."

मी 'रो' टाइप केलं.

बाबांचं नाव वर आलं. 'रोरी गिलिस (लाइट)'.

मी त्याच्याकडे बघितलं, पण तो केबल गुंडाळत होता, फारच मन लावून. "मेलबॉक्स नाही ठेवता आला," तो खाली बघूनच म्हणाला. "तो बंद करावा लागतो. पण नाव... नावाला जागा किती लागते?"

मी रडले नाही. एफी रडली. म्हणाली लोकर डोळ्यात गेली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, सांगून टाकायचं. अगं पण पुढे ऐका.

सगळे हलले. फक्त माझा मेलबॉक्स राहिला. तो रोज यायचा आणि म्हणायचा, "तुझा एकटाच जुन्या घरात आहे."

"त्याला घर बदलायला आवडत नाही."

"एकटा घाबरत नाही का?"

"सोबत आहे त्याला," मी म्हणायचे, "रोज कोणीतरी विचारायला येतं."

असं आम्ही बरंच ताणलं. पण बंदरातला बर्फ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. वारा फिरला, बर्फ खाडीबाहेर सरकायला लागला, लोकांनी लॉब्स्टरचे सापळे धक्क्यावर रचायला घेतले. आणि एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला, बसला नाही, उभाच राहिला.

"आज तुझा हलवायला हवा," तो म्हणाला. "मला... पुढचं काम आलंय. अल्बर्टात. दोन वर्षांचं."

माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "अरे वा."

अरे वा! पण तुम्हीच सांगा, आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? माझा भाऊ गेला तेव्हा आई काय म्हणाली? ओटकेक बांधून दिले आणि म्हणाली, पोचलास की फोन कर. इथे जाणाऱ्याला थांब म्हणत नाहीत. थांब म्हटलं तर तो खाणार काय? प्रत्येकजण फाटकापर्यंत येतो, हात हलवतो, गाडी वळणाआड गेली की आत जाऊन भांडी घासतो. मी लहानपणापासून हेच बघितलंय. मला थांब म्हणता येतच नाही. तो शब्द आमच्या घरात कोणी वापरलेलाच नाही.

"हॅलिफॅक्सवालेही ठेवून घेतायत मला," तो हळूच म्हणाला. "या किनाऱ्यावरच्या सगळ्या संस्थांकडे म्हातारेच आहेत. काम आहे इथेही. पगार कमी, पण... आहे. अजून मी कोणालाच हो म्हटलेलं नाही."

तो थांबला. वाट बघत होता. कानसुद्धा हलत नव्हते.

"अल्बर्टात पगार चांगला असतो," मी म्हणाले.

एफीने सुई टेबलावर आपटली.

हॅलिफॅक्सला निघायच्या आधी त्याने म्हाताऱ्याला बंद केलं. ती गुणगुण थांबली ना, तेव्हा कळलं ती किती मोठी होती. मी म्हणाले, "आता भंगारात?"

"लगेच नाही. आमची एक पद्धत आहे. जुनं मशीन बंद करायचं, पण हलवायचं नाही. तसंच ठेवायचं आणि वाट बघायची. कोणाचं काही अडलं तर तो ओरडतो. ओरडला की परत सुरू करायचं आणि शोधायचं काय राहिलं ते. आणि कोणी ओरडलंच नाही, तर समजायचं की त्याची कोणाला गरज नव्हती."

"आणि एखाद्याला ओरडायची लाज वाटली तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. 

"मग भंगारात," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी मला या कामाचा कागद बंद करायचाय. तोपर्यंत रोज फोन करीन. ओरडलं का कोणी, ते विचारायला."

जाता जाता त्याने आणखी एक केलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून किटलीसाठी नवीन प्लग लावून दिला. खास किटलीचा, खिडकीजवळ. "आता कोणाचा प्लग काढायला नको," म्हणाला. सगळे खूश. मी ओटकेक बांधून दिले. फाटकापर्यंत गेले. हात हलवला. आत येऊन कप घासले.

आणि तुम्हाला सांगते, तो आठवडा! किटली गुपचूप उकळायची. कोणालाच कळायचं नाही. चहा गार व्हायचा. डॅन रेड रोज साडेदहाला येऊन विचारायचा, "आज चहा नाही?" एफी म्हणायची, "झाला की. काहीजण बोलत नाहीत, त्यामुळे गार होतो." आणि माझ्याकडे बघायची.

पहिल्या दिवशी त्याचा फोन आला. "कोणी ओरडलं का?"

"हो! कारखान्यातला वजनकाटा. त्याच्या पावत्या मेलने यायच्या, येईनात. मोरॅगने शिव्या दिल्या. दुसऱ्या मोरॅगने."

त्याने फोनवरच सांगितलं काय बदलायचं, मी बदललं, पावत्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मशीन ओरडलं. ते पण झालं. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. चौथ्या दिवशीही नाही. तरी फोन लांबायचा. पाऊस आहे का तिकडे? हो. आणि तुझ्याकडे? धुकं. काय जेवलास? सूप. आईचं? नाही, टिनमधलं. आणि मग तो, "बरं... ठेवू?" आणि मी, "हो, ठेव." आणि दोघंही नाही ठेवायचो.

मग शुक्रवार आला.

बाहेर लख्ख ऊन होतं, पाणी मोकळं, बर्फ कुठल्या कुठे. फोन वाजला. एफीने विणकाम मांडीवर ठेवलं. ती कधीच ठेवत नाही.

"शेवटचं विचारतो," लुसियन म्हणाला. आवाज अगदी हळू. "कोणी ओरडलं का?"

मनात सगळं तयार होतं, हो, खरंच सांगते, आदल्या रात्रभर तयार केलं होतं. आणि तोंडातून निघालं – "नाही."

"कोणीच नाही?"

"...नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग... मी कागद बंद करतो. अल्बर्टावाले संध्याकाळपर्यंत उत्तर मागतायत." आणि त्याने ठेवला. या वेळी खरंच ठेवला.

मी फोनकडे बघत बसले.

"पोरी," एफी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मी वर बघितलं. "माझा एक होता. बॉस्टनला गेला. मी त्याला बांधून दिलेली बिस्किटं इतकी सुंदर झाली होती, काय सांगू." तिने सुया उचलल्या. "त्यानंतर मी कधी बिस्किटं केली नाहीत."

मी उठले. खुर्ची पडली, पडू दे. मागच्या खोलीत धावले. म्हातारा तसाच, गप्प, अंगावर थोडी धूळ. त्याची ती बॅटरी अजून भिंतीत लावलेली, छोटा हिरवा दिवा चालू. मी फोन लावला. एक घंटा. दुसरी...

"हॅलो? मोरॅग?"

मला बोलता येईना. अजूनही नाही! मग मी सरळ प्लग उपटला.

कींऽऽ कींऽऽ कींऽऽ!

मी फोन बॅटरीच्या अगदी तोंडाशी धरला. बाहेर खुर्च्या सरकल्या, कप खणखणले, अख्खं ऑफिस उठलं. डॅन रेडचा आवाज आला, "चहा!"

"काय झालं? मोरॅग, कोण ओरडतंय?"

"मी!" मी फोन कानाला लावून ओरडले. अगदी खरोखर ओरडले, हेरिंगच्या पेट्यासुद्धा हलल्या असतील. "मी ओरडतेय! माझं अडलंय! सगळं अडलंय, चहा गार होतो, टिनमधलं सूप का खातोस तू, आणि नको जाऊ ना अल्बर्टाला... थांब. थांब ना, लुसियन!"

बॅटरीचं कीं कीं चालूच. दारात एफी, तिच्यामागे डॅन रेड, त्याच्यामागे सगळी कप घेतलेली मंडळी, कोणी श्वास घेत नाही.

मग फोनमधून एक आवाज आला. हसण्याआधीचा असतो ना, तो. मला इथून दिसलं – कान हलले.

"तक्रार नोंदवली," तो म्हणाला. "पद्धतीप्रमाणे... ओरड आली की माणूस पाठवावा लागतो."

"कोणाला पाठवणार?"

"एकच मोकळा आहे. आत्ताच मोकळा झाला."

मी फोन ठेवला, प्लग परत लावला. एफीने रुमालाने नाक पुसलं आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "काय बघताय? जा, चहा नाहीये!"

शनिवार-रविवार कसे गेले विचारू नका. सोमवारी दहाला मी किटली घ्यायला उठले. खिडकीजवळ, तिच्या नव्या प्लगजवळ गेले, तर किटली नव्हती. मी म्हणाले, "एफी, किटली कुठे?"

एफी विणत होती. वर बघितलंही नाही. फक्त तिच्या गालाला खळी पडली होती, मला तर माहीतच नव्हतं तिला खळी आहे ते.

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून... कींऽऽ कींऽऽ कींऽऽ.